रात्रीची गाडी आणि सकाळचा प्रवासी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही राहता छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत, नोकरी वाळूज एमआयडीसीत. यजमानांची कार आहेच, आता तुमच्यासाठी दुसरी घ्यायचं घरात चाललंय. त्याआधी कॉलनीतली दहा-बारा कुटुंबं मिळून महापालिकेला निवेदन देणार आहात. त्यात 'बस वाढवा' याशिवाय नेमकं काय मागायचं, आणि मेट्रोची वाट बघण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी एसटीच्या वाहतूक शाखेत एकतीस वर्षं काढली. आधी कंट्रोलर म्हणून खिडकीत बसलो, मग मराठवाड्यातली तीन आगारं सांभाळली. निवृत्तीनंतर एका शहराच्या बससेवेचं वेळापत्रक बसवायला मदत केली. तेव्हा पुस्तकातलं कमी आणि स्टँडवरचं जास्त सांगेन.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. तालुक्याच्या एका आगारात असताना रात्री साडेआठची मुक्कामी गाडी होती. बावीस किलोमीटरवरच्या गावात जायची, चालक-वाहक मारुतीच्या सभामंडपात झोपायचे, वाहक पैशाची बॅग उशाला घ्यायचा. गावातून कुणीतरी भाकरी आणून द्यायचं. सकाळी पावणेसातला तीच गाडी तालुक्याला निघायची. रात्री गाडीत बारा-तेरा माणसं, म्हणजे चव्वेचाळीस सीटच्या गाडीत भारमान तीस टक्क्यांच्या आसपास. वरून दर महिन्याला यादी यायची की कमी भारमानाच्या फेऱ्या बंद करा. एका महिन्यात त्या फेरीवर मी सही केली. शेवटची गाडी संध्याकाळी साडेसहाची झाली.

सकाळची गाडी त्या वेळी गच्च असायची, दारापर्यंत माणूस. दहा महिन्यांत तीच गाडी अर्धी यायला लागली. मला कळेना. गावाची लोकसंख्या तीच, रस्ता तोच, तिकीटही वाढलं नव्हतं. त्या मार्गावरचा जुना वाहक तिकिटांचा ट्रे जमा करायला आला तेव्हा त्याला विचारलं. म्हणाला, "रातची गाडी काढून घेतली तव्हाच सकाळची बी गेली बघा, सायेब." सकाळी येणारी पोरं कापड दुकानात, औषधाच्या दुकानात, क्लासला होती. त्यांची सुटका आठला. परतायला गाडी नाही म्हटल्यावर काही दिवस जीपला लटकून गेली, मग एकेकाने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. आणि मोटारसायकल घरात आली की ती फक्त रात्रीपुरती वापरायची, असं कोण करतो? सकाळीही तीच निघते.

मी बारा माणसांची फेरी बंद केली आणि पन्नास माणसांची फेरी गमावली. हिशेबात मात्र डिझेल वाचल्याचं दिसत होतं, कारण आपण भारमान फेरीनिहाय मोजतो. माणूस फेरी विकत घेत नाही हो, जाणं-येणं विकत घेतो. म्हणून निवेदनात पहिली मागणी रात्रीच्या गाडीची ठेवा. तुमच्या ऑफिसातून कधी सहाला सुटाल, कधी महिनाअखेरीस साडेआठला. त्या साडेआठच्या दिवसासाठी बाईमाणूस कार घेतं. रात्री दहापर्यंत ठरलेल्या वेळेला बस मिळणार ही खात्री असेल तर उरलेले पंचवीस दिवसही बसच्या वाट्याला येतात.

आता प्रतिस्पर्धी कोण ते ओळखू. शहरातल्या चर्चेत 'कार कमी करा' असं म्हणतात, पण मराठवाड्यात बसची खरी गाठ दुचाकीशी आहे. तुमचं अंतर सोळा किलोमीटर धरू, जाऊन-येऊन बत्तीस. लिटरला पन्नास जाणारी गाडी आणि पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे दिवसाला सत्तर रुपयांच्या आत काम होतं. मागे एक जण बसला तर पस्तीसच. त्याच अंतराला कार लिटरला पंधरा देईल, सव्वादोनशेच्या आसपास रोजचं पेट्रोल. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. (परभणीकरांनी यात थोडी भर घालावी. मनमाडच्या डेपोतून टँकर येईपर्यंत पेट्रोल महाग होतं, आणि त्या पेट्रोलच्या दराने आमच्या परभणीचं नाव देशभर गाजवलंय.) तेव्हा कारवाल्याला बसमध्ये आणायला पैशाचा मुद्दा पुरतो, दुचाकीवाल्याला पुरत नाही. तो पैशासाठी येणार नाही. उन्हासाठी, पावसासाठी, जालना रोडवरच्या ट्रकच्या भीतीसाठी येईल, पण बस दहा मिनिटांत मिळत असेल तरच. अर्ध्या तासाने मिळणार असेल तर तो तोवर वाळूजला पोचलेला असतो.

म्हणून दुसरी मागणी 'बस वाढवा' अशी न लिहिता 'या मार्गावर दर दहा मिनिटांनी बस' अशी लिहा. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बस वाढवल्या आणि त्या चाळीस मार्गांवर दोन-दोन, तीन-तीन वाटल्या तर प्रत्येक वॉर्डात बस दिसते आणि कुठल्याच वॉर्डात ती वेळेला मिळत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वेळापत्रक बसवताना रोज कुणी ना कुणी यायचं की आमच्या भागातून दिवसातून दोन फेऱ्या तरी टाका. दोन फेऱ्यांनी कुणाचंच भागत नाही, फक्त पाटी लागते. तरी टाकाव्या लागतात.

यात्रेचं उदाहरण देतो. कोजागरीला सोलापूरकडून लाखो लोक पायी तुळजापूरला येतात आणि परतताना एसटीने जातात. त्या रात्री स्टँडवर कुणी 'सोलापूर गाडी किती वाजता?' असं विचारताना ऐकलंय का? विचारत नाही, कारण गाडी लागलेलीच असते. भरली की सुटते, मागची पुढे येते. मी तिथे तीन वर्षं ड्यूटी केलीय, पहाटे तीनला धुळीने घसा बसलेला, पण चौकशीच्या खिडकीत शुकशुकाट. ज्या मार्गावर प्रवाशाला वेळापत्रक लागत नाही तोच मार्ग चांगला. आपली एसटी यात्रेत हे जमवते, मग रोजच्या एका रस्त्यावर का जमू नये?

दहा मिनिटांना किती गाड्या लागतात त्याचं गणित सोपं आहे, आणि निवेदनात ते घातलंत तर समोरचा अधिकारी तुम्हाला गंभीरपणे घेईल. समजा सिडको ते वाळूज एका बाजूला पन्नास मिनिटं लागतात. दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं थांबा, चालकाला पाणी-लघवीला वेळ हवाच. पूर्ण फेरा झाला एकशेवीस मिनिटांचा. दर दहा मिनिटांनी बस हवी तर एकशेवीस भागिले दहा, बारा गाड्या. वर एक-दोन राखीव. चारच गाड्या दिल्या तर अर्ध्या तासाला एक. आता उलट बाजूने बघा. चौकांतली अडवणूक कमी करून पन्नासची चाळीस मिनिटं केली तर फेरा शंभराचा होतो आणि तेच काम दहा गाड्यांत होतं. दोन गाड्या, त्यांचे चालक, त्यांचं इंधन, सगळं वाचलं आणि प्रवासी दहा मिनिटं आधी घरी. बस विकत घेण्यापेक्षा बसचा वेग विकत घेणं स्वस्त पडतं, हे कुठल्याही आगारप्रमुखाला विचारा.

वेग अडतो कुठे? रस्त्यात कमी, चौकात जास्त, आणि थांब्यावर सगळ्यात जास्त. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको असे उड्डाणपूल झाले. कार वरून सुळकन जाते. पण बसचा प्रवासी चौकात उभा असतो, म्हणून बसला खालूनच जावं लागतं, तिथल्या रिक्षा, हातगाड्या आणि सिग्नल यांच्यातून. म्हणजे एवढ्या खर्चात बसला काही मिळालं नाही, वर तिची तुलना अधिक जलद कारशी व्हायला लागली. पुलाच्या विरोधात बोलत नाही, झालेत ते झाले. पण पुलाखाली बसला सरळ निघता येईल एवढी एक पट्टी आखून तिथे कुणी गाडी लावणार नाही हे बघणं, हे महापालिका आणि वाहतूक पोलीस मिळून एका महिन्यात करू शकतात. संपूर्ण रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका मागू नका. पुण्यात २००६ साली कात्रज ते हडपसर ती केली, आणि राखायला कुणी नसलं की अशा मार्गिकेत काय काय शिरतं ते सगळ्यांनी पाहिलं. चार चौक नीट राखणं त्यापेक्षा बरं.

गाड्या मात्र कमी आहेतच, त्यात वाद नाही. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या निकषांत हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही चांगली स्थिती, आणि ०.२ च्या खाली सगळ्यात तळची पायरी. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर पावणेबारा लाखांचं होतं. त्या जुन्या आकड्यानेही चांगल्या पायरीला सातशे गाड्या लागतात आणि तळाच्या पायरीच्या वर यायलाच दोनशे पस्तीस. स्मार्ट सिटीतून २०१९ च्या सुरुवातीला शहरात बससेवा पुन्हा उभी राहिली ती शंभर गाड्यांची. हा आकडा निवेदनात जरूर टाका. पण सातशे येईपर्यंत थांबायचं नाही. आहेत त्यातल्या साठ गाड्या पाच-सहा गर्दीच्या मार्गांवर लावा म्हणावं, उरलेल्या बाकी शहराला. बाकी शहर ओरडेल. ओरडू दे, पहिल्या पाच मार्गांवर बस भरायला लागली की सहावा मार्ग मागायला तेच लोक येतील.

थांब्याबद्दल एक बारीक गोष्ट. नवे थांबे करताना स्टेनलेस स्टीलचे बाक बसवतात, वर काचेचं किंवा पातळ पत्र्याचं छत. मे महिन्यात दुपारी दोनला त्या बाकावर हात ठेवून बघा. कुणीही बसत नाही. माणसं थांब्याच्या मागे वीस पावलांवरच्या लिंबाच्या सावलीत उभी असतात आणि बस आली की पळत येतात. तोवर चालकाला थांबा रिकामा दिसतो आणि तो गाडी पुढे काढतो. मग बाचाबाची. थांब्याची जागा ठरवणाऱ्याने एक दिवस दुपारी बाराला येऊन झाड कुठे आहे एवढं बघितलं तरी पुष्कळ होईल. झाड असेल तिथेच थांबा न्यावा. रात्रीसाठी दिवा हवा, तुमच्या दृष्टीने तर बाकापेक्षा आधी दिवा.

शेअर रिक्षावाल्यांशी भांडण घेऊ नका. बसच्या दहा फूट पुढे थांबून ते प्रवासी उचलतात हे खरं आहे, मलाही वर्षानुवर्षं त्याचा राग यायचा. पण बस जिथे पोचत नाही तिथे आजही शहर त्यांच्यावरच चालतं. बजाजनगर, रांजणगावच्या आतल्या गल्ल्यांत बारा मीटरची बस नेण्यात शहाणपण नाही. मोठ्या थांब्यांना लागून त्यांना हक्काचा स्टँड द्यावा, गल्ली ते थांबा हे काम त्यांचं, थांबा ते थांबा बसचं. दोघांचं पोट भरतं.

आणि कंपन्यांच्या बसकडे बघा. वाळूज, शेंद्र्याला सकाळी जी खरी सार्वजनिक वाहतूक चालते ती कंपन्यांनी लावलेल्या खासगी गाड्यांची आहे. पाळी सुटायच्या आणि लागायच्या वेळा जवळजवळ सगळीकडे एकच, म्हणून सगळ्यांना गाड्या एकाच वेळी लागतात आणि रस्ताही एकाच वेळी तुंबतो. दोन शेजारी कंपन्यांनी पाळीत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक ठेवला तर एकच गाडी दोन फेऱ्या करू शकते. यात महापालिकेचा एक रुपया जात नाही. उद्योजकांच्या संघटनेला वेगळं पत्र लिहा. तुमच्या ऑफिसातल्या एचआरच्या माणसाची सही त्यावर घेता आली तर उत्तम.

पार्किंगचा मुद्दा निवेदनात घालायचा की नाही यावर तुमच्यात मतभेद होतील. घाला. गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा इथे रस्त्यावर फुकट लावायला मिळतं तोवर कोण बसने जाईल? एका कारला लावायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. तेवढ्या जागेत एक टपरीवाला संसार चालवतो आणि भाडंही भरतो. व्यापारी म्हणतात की पैसे घेतले तर गिऱ्हाईक येणार नाही. सकाळी दहाला जाऊन बघा, दुकानासमोर गिऱ्हाइकाची गाडी क्वचितच असते. मालकाची असते, नोकरांच्या असतात, संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. तासाला दर लावला की त्या मागच्या गल्लीत जातात आणि गिऱ्हाइकाला जागा मिळते. फक्त तो पैसा बससेवेलाच जाईल असं ठरावात लिहून घ्यायला सांगा. लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं तेव्हा त्याचं उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन घातलं होतं. तशी अट नसेल तर पैसा नाल्यात जाईल, आणि मी शब्दशः म्हणतोय.

मेट्रोबद्दल. शेंद्रा ते वाळूज मेट्रोची चर्चा मीही वर्षानुवर्षं वाचतो. यायची तेव्हा येवो. पण मेट्रोच्या स्टेशनपर्यंत माणूस कशाने जाणार? बसनेच. बसची सवय नसलेल्या शहरात मेट्रो आली तर तिच्याखाली पार्किंग करावं लागतं. त्यामुळे वाट बघण्यात तोटाच आहे.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण शहरातली निम्मी वाहनं शहराची नसतात असं माझं मत आहे. पैठण, फुलंब्री, गंगापूर, बदनापूर इथून माणसं कामाला येतात. त्यांना एसटीने येऊन स्टँडवरून पुढे शहर बस लगेच मिळत नाही म्हणून ते घरूनच दुचाकी काढतात. रेल्वेचंही तेच. मानवत रोड, लातूर रोड या स्टेशनांच्या नावातच कबुली आहे की गाव इथे नाही, रस्त्याने पुढे जायचंय. लातूर रोडला उतरलेला माणूस लातुरात नसतो, चाकूर तालुक्यात असतो. गाडीतून उतरल्यावर बाहेर एसटी उभी असेल का, हे दोन वेगवेगळी खाती दोन वेगवेगळ्या टेबलांवर ठरवतात. गंमत म्हणजे निजामाच्या राज्यात १९३२ साली बससेवा सुरू झाली ती रेल्वेचंच एक खातं म्हणून, सत्तावीस गाड्यांनिशी. गाडी आणि मोटार एकाच घरात होत्या. आता बीडलाही रेल्वे आली, १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरची गाडी सुटली. तिथे तरी पहिल्या दिवसापासून बसची वेळ गाडीला बांधावी, एवढीच इच्छा.

तिकिटाच्या दरावर फार जोर देऊ नका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या ओसंडून वाहिल्या, हे खरंच. पण ज्या दादाने संपाच्या काळात, २०२१-२२ च्या त्या पाच-साडेपाच महिन्यांत, मोटारसायकल घेतली तो काही स्वस्ताईने परत आला नाही. गेलेला प्रवासी आणायला वेळ पाळावी लागते, महिने लागतात.

आता निवेदन. एक पानापेक्षा मोठं करू नका. सिडको ते वाळूज दर दहा मिनिटांनी, सकाळी सहा ते रात्री दहा. शेवटची गाडी किमान सहा महिने भारमान न बघता चालवायची. चार चौकांत पुलाखालची पट्टी मोकळी. थांब्यावर दिवा आणि सावली. पार्किंगचा पैसा बसला. सोबत एक गोष्ट जोडा, ती कुणीच जोडत नाही. कॉलनीतल्या दोघांनी मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी सहा ते दहा वही घेऊन वाळूजच्या एका थांब्यावर बसायचं. सोमवार आणि शनिवार नको, ते दिवस वेगळे असतात. पगाराचा आठवडाही टाळा. प्रत्येक बस किती वाजता आली, किती चढले, गर्दीमुळे किती मागे राहिले, आणि बस येईपर्यंत किती जण कंटाळून रिक्षात बसले, एवढंच लिहायचं. बस आली नाही तर 'आली नाही' असं लिहा, रकाना रिकामा सोडू नका. दोन आठवडे केलं तरी पुरे. आणि महापालिकेला देताना त्याचा टाइप केलेला सुबक तक्ता देऊ नका, वहीच्या पानांच्या झेरॉक्स द्या. माझ्या टेबलावर असे तक्ते ढिगाने आले, ते फायलीत गेले. चहाचा डाग पडलेलं एक पान मात्र मी तीनदा वाचलं होतं, आणि त्या मार्गावर रात्री नऊची गाडी सोडली होती.